माकुलाचा मज्जातंतु

पायाला कांटा बोचतांच आपण पाय मागें घेतों. बोचल्याची वार्ता मज्जारज्जूपर्यंत जाते, तेथून स्नायूंना हुकूम सुटतो, आणि हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच घडून येतें. ही वार्ता मज्जातंतूंतून कोणत्या रूपानें जाते, हें कोडें शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ सुटलें नव्हतें. अखेर तें सुटलें तें मनुष्याच्या शरीरांत नव्हे, तर समुद्रांतील एका कणाहीन प्राण्याच्या शरीरांत. इंग्रजींत ज्याला स्क्विड म्हणतात आणि आपल्या कोंकणकिनाऱ्यावर ज्याला माकूल या नांवानें ओळखतात, तो हा प्राणी होय.

आमच्या कांहीं वाचकांच्या घरीं तो पानांत वाढला जात असेल, तर कांहींनीं त्याचें नांवही ऐकलें नसेल. परंतु काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा समुद्रफेस बहुतेकांच्या परिचयाचा आहे. तो समुद्राचा फेस नसून माकुलाच्याच गोतांतील एका प्राण्याच्या पाठींत असणारें कवच आहे. गोगलगाय व शिंपला यांच्याच विशाल कुळांत माकुलाची गणना होते. मात्र हा भाऊबंद त्या दोघांहून फार चपळ निघाला.

त्याच्या चपळपणाचें इंगित त्याच्या मज्जासंस्थेंत आहे. माकुलाचा मेंदु अन्ननलिकेभोंवतीं कड्यासारखा असतो, त्यामुळें त्याचा प्रत्येक घास मेंदूच्या मधून खालीं उतरतो! त्याच्या कातडींत रंगीत द्रव्यानें भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असून, प्रत्येकीस चोहों बाजूंनीं बारीक स्नायु ताणून धरतात. या स्नायूंना मेंदूकडून मज्जातंतु येतात. म्हणून सरड्याला रंग पालटण्यास जो अवकाश लागतो तो माकुलाला लागत नाहीं. सेकंदाच्या अल्पांशांत त्याचें अंग रंगतें आणि फिकेंही पडतें.

शत्रु दिसला म्हणजे तो आपल्या स्नायुमय पिशवींतलें पाणी नळीवाटे जोरानें बाहेर फेंकतो व त्या धक्क्यानें मागच्या मागें निसटतो. हें साधण्यास पिशवीचे सर्व स्नायु एकदम आंवळले पाहिजेत. जवळचे आधीं व दूरचे मागून आंवळले, तर जोर फुकट जावयाचा. निसर्गानें येथें मोठी युक्ति योजिली आहे. मेंदूंतून निघालेला हुकूम पिशवीवरील एका तारकाकृति मज्जागुच्छांत येतो आणि तेथून निरनिराळ्या जाडीच्या तंतूंनीं स्नायूंकडे जातो. तंतु जितका जाड तितकी वार्ता जलद. म्हणून जितका स्नायु दूर, तितका त्याचा तंतु जाड! यांतील सर्वांत मोठा तंतु एका पेशीचा नसून शेंकडों मज्जापेशींचे धागे एकजीव होऊन बनलेला असतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून कधीं कधीं एक मिलिमीटरपर्यंत भरते. आपल्या शरीरांतील जाडांत जाड तंतु मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आकाराचें महत्त्व कळून येईल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं १८५० मध्यें बेडकाच्या मज्जातंतूंतील वार्तेचा वेग मोजला. तो सेकंदास अवघा २५ ते ३० मीटर निघाला. म्हणजे तारेंतून वीज धांवते तशी ही वार्ता धांवत नाहीं, हें उघड झालें. १९०२ मध्यें बर्नस्टाइन यांनीं असा तर्क मांडला कीं, तंतूच्या आवरणाच्या आंत व बाहेर विद्युद्दाबाचा जो फरक असतो, तो वार्ता जातांना क्षणभर शून्य होतो. तर्क पटण्याजोगा होता. पण पडताळावा कसा? केंसाहूनही बारीक तंतूच्या पोटांत उपकरण घालणार कसें?

१९३६ मध्यें इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनीं माकुलाच्या या थोर तंतूकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. प्रथमदर्शनीं रक्तवाहिनी वाटावी असा हा तंतु! १९३९ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेंत अॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले या दोघां तरुणांनीं त्याच्या आंत बारीक कांचेची नळी सरकविली. हक्सले हे डार्विनचे कैवारी टी. एच. हक्सले यांचे नातू. प्रयोगांत असें दिसलें कीं, वार्ता जातांना दाबाचा फरक शून्यावर थांबत नाहीं, तर उलट दिशेस जातो. एरवीं बाहेरच्या मानानें ऋण असलेला तंतूचा अंतर्भाग क्षणभर सुमारें ४० सहस्रांश व्होल्टनें धन होतो. जुना तर्क अपुरा ठरला. परंतु त्याच सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि दोघेही युद्धकार्यांत गुंतले.

युद्धानंतर १९४९ मध्यें हॉजकिन व कात्झ यांनीं दाखवून दिलें कीं, बाहेरच्या पाण्यांतील सोडियम कमी केल्यास ही विद्युल्लहरी क्षीण होते. पुढें १९५२ मध्यें हॉजकिन व हक्सले यांनीं सर्व व्यवहार गणितांत बसविला. तंतूच्या बाहेर सोडियम विपुल, आंत पोटॅशियम विपुल. चेतना येतांच आवरण प्रथम सोडियमला वाट देतें व सोडियमचे धनभारित कण आंत शिरतात; लागलीच ती वाट मिटते आणि पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिति येते. एका ठिकाणची ही खळबळ शेजारच्या भागाला जागें करते. फटाक्याच्या वातींतून ठिणगी पुढें सरकते तसाच हा प्रकार. मात्र ही वात जळून न जातां दुसऱ्या वार्तेसाठीं पुन्हां सिद्ध होते. केंब्रिज विद्यापीठाचें गणकयंत्र त्या वेळीं उपलब्ध नसल्यामुळें हक्सले यांनीं हातानें फिरवावयाच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आंकडेमोड केली. गणितानें वेग आला सेकंदास १८.८ मीटर, प्रत्यक्षांत मोजला तो २१.२ मीटर. एवढ्या गुंतागुंतीच्या प्रकरणांत हा मेळ विस्मयकारकच होय. १९६३ चें नोबेल पारितोषिक या दोघांना जॉन एक्लिस यांच्यासमवेत मिळालें.

१९६१ च्या सुमारास प्लिमथ येथेंच आणखी एक नवल घडलें. तंतूंतील गर दाबून बाहेर काढला व त्या जागीं पोटॅशियमच्या क्षाराचें पाणी भरलें. तरीही त्यांतून वार्ता जात राहिली! वार्तेचें वर्म गरांत नसून आवरणांत आहे, हें यावरून सिद्ध झालें.

आपले तंतु इतके बारीक असूनही त्यांतील कांहींचा वेग सेकंदास शंभर मीटरपर्यंत जातो. याचें कारण त्यांवर मेदाचें तुटक वेष्टन असतें व लहर एका खंडावरून दुसऱ्यावर जणूं उडी मारीत जाते. माकुलानें जाडी वाढविली, आपल्या पूर्वजांनीं वेष्टन मिळविलें; वार्तेची भाषा मात्र दोघांची एकच. म्हणूनच माकुलाकडून मिळालेलें ज्ञान आपल्या उपयोगीं पडतें. दंतवैद्य दाढ काढण्यापूर्वीं जें बधिर करणारें औषध टोंचतात, तें सोडियमची हीच वाट अडवितें. अपस्मारावरील फेनिटॉइन हें औषधही याच वाटेवर काम करतें.

दाढेच्या वेदनेनें तळमळणाऱ्या मनुष्यास त्या औषधानें आराम वाटतो, तेव्हां तें नेमकें काय करतें हें आज वैद्यास सांगतां येतें. या ज्ञानापायीं कित्येक माकुलांनीं प्राण वेंचले आहेत. त्याच्या जातीस आपण क्षुद्र म्हणत असलों, तरी या बाबतींत ती आपली गुरु ठरली, हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं.