बंदीनं घर सावरतं का?

२००५ साली मी दहावीला होते. माझं माहेर पनवेलच्या बाजूला. त्या उन्हाळ्यात आईच्या भिशीत विषय एकच, डान्सबार. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद करणार असं जाहीर केलं आणि आमच्या ओटीवर पेढे वाटले गेले. शेजारच्या काकूंच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. काकांना जमिनीचे पैसे मिळाले होते आणि रात्र रात्र ते बारमध्ये उधळले जात होते. काकू आईला म्हणाल्या, "वहिनी, आता तरी हे रात्रीचे घरी येतील."

मैत्रिणींनो, बंदी की स्वातंत्र्य हा वाद निघाला की मला आधी काकूच आठवतात. ज्या घरातलं धान्य संपलंय, तिथल्या बाईला व्यक्तिस्वातंत्र्याच्या गोष्टी सांगायच्या तरी कशा?

ऑगस्ट २००५ मध्ये बंदी अमलात आली. पण त्यात एक गोम होती. परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद, मात्र तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना सूट! म्हणजे गरिबाच्या बारमध्ये नाचली तर संस्कृती बुडते, मोठ्या हॉटेलात नाचली तर ती करमणूक. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली. समानतेचा हक्क आणि व्यवसाय करण्याचा हक्क, दोन्हींना ती बाधक ठरली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. सरकारचं म्हणणं होतं की तिथे मुलींचं शोषण होतं, अल्पवयीन मुली आणल्या जातात. ही काळजी खोटी नव्हती. पण पंचाहत्तर हजारांवर बायकांचं काम गेलं आणि पोटासाठी कित्येकींना त्याहून वाईट वाटेला जावं लागलं, हेही न्यायालयापुढे आलं. औषधच रोगापेक्षा भारी पडलं.

आणि काका? चार दिवस आले वेळेवर घरी. मग डान्सबारच्या पाट्या उतरून 'ऑर्केस्ट्रा'च्या पाट्या लागल्या आणि काकांची पावलं पुन्हा तिकडे वळली. काकूंच्या पाटल्या गेल्या त्या बंदीनंतरच्या वर्षी.

मी आता एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मागे पालकसभेनंतर एका मुलीची आई मागे थांबली. फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे तिनं काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तशी हळूच म्हणाली, "बाई, पूर्वी मी बारमध्ये नाचायचे. आता घरकामं करते. काय लिहू?" मग आपणहूनच सांगू लागली, "बंदी आली तेव्हा भावाची फी, आईचं औषध, सगळं माझ्यावर होतं. दोन महिन्यांचं भाडं थकलं. कुणी विचारलं नाही, तू आता काय खाणार."

मला ओटीवरचे पेढे आठवले. घशाशी काहीतरी अडकलं. त्या पेढ्यांतला एक मीही खाल्ला होता.

काकू आणि ही बाई, दोघींचं घर एकाच पुरुषाच्या खिशावर चालायचं. कायद्यानं एकीचं काम काढून घेतलं, पण दुसरीच्या हातात काही दिलं नाही. खिसा मात्र होता तसाच राहिला!

म्हणून मला वाटतं, बंदीपेक्षा नियम बरे. २०१६ च्या कायद्यातल्या अनेक जाचक अटी सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये काढल्या, पण रात्री साडेअकराची मर्यादा ठेवली आणि नोटा उधळायला मनाई कायम ठेवली. बाईची अब्रू राखायची तर लगाम गिऱ्हाइकाला हवा. अल्पवयीन मुलगी दिसली तर मालकाला तुरुंग हवाच, त्यात दुमत नाही.

आता आपल्या घराचं. ज्या वर्षी आम्ही पेढे वाटले, त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नुसती मारहाणच नव्हे, घरखर्चाला पैसे न देणं, बायकोचं स्त्रीधन परस्पर विकणं हीसुद्धा त्यात हिंसाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. न्यायालय खर्चाची रक्कम ठरवून देऊ शकतं, घरात राहण्याचा हक्क राखू शकतं. या कायद्यावर आमच्या भिशीत एक शब्द निघाला नाही. काकूंना तो कुणी सांगितला असता तर पाटल्या कदाचित वाचल्या असत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, बँकेचं पासबुक महिन्यातून एकदा उघडून बघा. घराच्या कागदावर आपलं नाव आहे का ते पाहा. दागिन्यांच्या पावत्या आपल्या कपाटात ठेवा. नवऱ्याला राग आला तर येऊ दे. संसार दोघांचा आहे.

त्या मुलीच्या फॉर्मवर आम्ही दोघींनी मिळून 'नोकरी' असं लिहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. ती तेव्हाही कष्टच करत होती.