रस्त्यांची प्रतवारी

विद्यार्थ्यांप्रमाणें रस्त्यांनाही श्रेणी मिळते, हें आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेंत इ. स. १९६५ च्या 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' या ग्रंथानें वाहतुकीच्या स्थितीच्या सहा प्रती ठरविल्या व त्यांस 'ए' पासून 'एफ' पर्यंत अक्षरें दिलीं. 'ए' म्हणजे मोकळा रस्ता. 'एफ' म्हणजे कोंडमारा.

ही प्रत ठरवावयाची कशी? तासांत किती गाड्या गेल्या तें मोजलें म्हणजे झालें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु साधा गुणाकार जाणणाऱ्या मुलासही यांतील फसगत कळेल. एका पट्ट्यावर मैलामागें २० गाड्या ताशीं ६० मैल वेगानें धांवत असतील, तर तासांत १२०० गाड्या पुढें जातात. मैलामागें १०० गाड्या दाटून ताशीं १२ मैल वेगानें सरकत असतील, तरीही संख्या तीच १२००! एक प्रवासी सुखानें चालला आहे, दुसरा घड्याळाकडे पाहून कासावीस झाला आहे. मोजणाराच्या वहींत मात्र दोघेही सारखेच. म्हणून द्रुतगति महामार्गांची प्रत दाटीवरून ठरवितात. त्या ग्रंथाच्या इ. स. २०१० च्या आवृत्तींत, एका पट्ट्यावर मैलामागें ११ पर्यंत मोटारी असल्यास 'ए' आणि ४५ हून अधिक झाल्यास 'एफ', असा दंडक आहे.

दाटी वाढली कीं वेग घटतो, हें गणितांत प्रथम बसविणारांत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांचें नांव अग्रगण्य आहे. ओहायो प्रांतांतील रस्त्यांवर लागोपाठ छायाचित्रें घेऊन त्यांनीं आपला सिद्धान्त इ. स. १९३५ मध्यें प्रसिद्ध केला. आतां रस्त्यांत पुरलेलीं तारेचीं वेटोळीं हें काम रात्रंदिवस करतात. वरून गाडी गेली कीं त्यांतील विद्युत्प्रवाहांत फरक पडतो व नोंद होते.

आपल्याकडे मोटार, दुचाकी, ट्रक व बैलगाडी एकाच रस्त्यानें जातात. म्हणून प्रत्येकीचें मोटारींत रूपांतर करावें लागतें. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या नियमांत ग्रामीण रस्त्यांवर मोटारसायकल अर्धी, तर ट्रक किंवा बस तीन मोटारींबरोबर धरली आहे.

येथेंच आम्हांस शंका येते. चाळीस माणसें घेऊन जाणारी बस तीन मोटारींइतकी अडचण ठरते. आंतील चाळीस जीव हिशेबांत कोठेंच नाहींत. ही परीक्षा वाहनांची आहे, माणसांची नव्हे. शिवाय 'ए' मिळविण्याच्या हौसेनें रस्ता रुंद करावा, तर त्यासाठीं कोणाचें घर व कोणाचें झाड जातें. आणि रुंद झालेला रस्ता नव्या गाड्यांना आमंत्रण देतो.

कॅलिफोर्नियानें हा दोष ओळखला. गांवांत वस्तीजवळ घरें बांधूं लागल्यास तेथील चौकाची प्रत उतरे, आणि तेवढ्यावरून तीं घरें पर्यावरणास बाधक ठरत. इ. स. २०१३ मध्यें तेथें कायदा झाला आणि १ जुलै २०२० पासून अशा कामीं प्रतीऐवजीं लोकांस एकंदर किती मैल गाडी हांकावी लागेल, हें पाहूं लागले.

प्रतवारी निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रस्ता कोठें तुंबतो हें तिच्यावांचून कळणार नाहीं. परंतु आपल्या गांवच्या रस्त्याला अमुक श्रेणी मिळाली असें ऐकल्यावर सुज्ञ गृहस्थानें एवढें अवश्य विचारावें कीं, ती देतांना मोजलें काय, आणि वगळलें कोणाला?