विरजण लागलं का?

"अगं, पण तू तिथे नक्की करतेस तरी काय?" साताऱ्याहून आई दर रविवारी फोनवर विचारायची. 'बायोटेक्नॉलॉजी' या उत्तरानं तिचं समाधान होत नसे. शेवटी एकदा म्हटलं, "आई, मी विरजण सांभाळते."

हे अगदीच खोटं नाही. सकाळी सातला साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या लॅबमध्ये पोचले की मी आधी इनक्युबेटर उघडते. आत तापमान ३७ अंश, आपल्या अंगाइतकं. चपट्या बाटल्यांमधल्या गुलाबी द्रवात पेशी वाढत असतात, दिवसभरात साधारण दुप्पट होतात. दाटी झाली की थोड्या काढून नव्या बाटलीत लावायच्या, ताजं खाद्य घालायचं. रंग पिवळट झाला की समजायचं, द्रव आंबला. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. म्हणून तर मंडळाच्या गणपतीत आरती झाली रे झाली की मी लॅबकडे पळते!

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी द्रव गढूळ दिसला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर जीवाणू वळवळत होते. माझाच हात कुठेतरी चुकला असणार. तीन महिने निवडत, वाढवत आणलेल्या पेशी ब्लीच ओतून फेकून दिल्या.

रात्री मीच आईला फोन लावला. "सगळं नासलं गं."

"थोडं बाजूला ठेवलं नव्हतंस?"

ठेवलं होतं. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, जुन्या पेशींच्या कुप्या होत्या.

"मग लाव नवं. थांब हं, नाश्त्याआधी माझं इन्सुलिन घेते."

ती परत आल्यावर तिला सांगितलं : पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये आमच्याच गावातल्या जेनेन्टेकच्या आणि सिटी ऑफ होपच्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. १९८२ मध्ये इथे त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आजही इन्सुलिन जीवाणू किंवा यीस्ट वाढवूनच बनतं.

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठीही कुणीतरी रोज विरजण सांभाळतंय म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मी एक कुपी वितळवली. हल्ली आई मी काय करते ते विचारत नाही. विचारते, "विरजण लागलं का?"