क्षय एक, चिठ्ठ्या ऐंशी

कारखानदार बंधूंनी हा हिशेब जरूर पाहावा. धारावीतील शंभरेक खाजगी डॉक्टरांनी क्षयावर तब्बल ८० तऱ्हांची औषधयोजना लिहिली, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. २०१० च्या मुंबईतील पाहणीत १०६ पैकी अवघ्या ६ डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर निघाली! औषध कमी पडले किंवा मध्येच सुटले की जंतू औषधाला जुमानेनासे होतात. मग कारागीर महिनोन्‌महिने कामावर येत नाही. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत आहेत. पण मजुरी बुडेल म्हणून तो गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातो. ती मजुरी मालकाने सोसावी, असे आम्हांस वाटते. कारागीर गावी निघाला तर उपचाराचा कागद त्याच्यासोबत द्यावा. पुढची औषधे तिकडच्या सरकारी केंद्रातून घेता येतात.