पुस्तक वाचलेल्या माणसाने फासे कसे टाकायचे?

आजचा विषय ऐकून काहीजण हसले. हसा! आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं आणि सत्तरीनंतर मी फासे टाकायला लागलो.

माझी नात आणि तिचे मित्र रविवारी रोलप्लेइंग गेम खेळतात. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गेममास्टर होऊन भोवतालचं जग सांभाळायचं. आणि पुढे काय होईल याचा भरवसा नसेल तिथे फासे टाकायचे. १९७४च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार रुळला. ही मुलं मात्र फ्रँक हर्बर्टच्या १९६५च्या 'ड्यून' कादंबरीतलं जग खेळतात. अराकिस हा वाळवंटी ग्रह, फक्त तिथेच मिळणारा 'स्पाइस', आणि त्यापायी एकमेकांच्या जिवावर उठलेली सरदारघराणी. नायक पॉल अट्रेडीसला या स्पाइसमुळे भविष्य दिसू लागतं.

एका रविवारी त्यांनी मलाही बसवलं. मूळ कथाच खेळायला घेतली होती. अट्रेडीस मंडळी अराकिसवर उतरली, त्यांचे वैद्य डॉक्टर युएह समोर आले आणि मी म्हणालो, "याला आधी कैद करा." नातीने कपाळाला हात लावला. "आजोबा, तुमच्या पात्राला हे कसं ठाऊक?" पात्राला नव्हतं, मला होतं. युएह दगा देतो, हे मी वाचलं होतं. खेळ तिथेच बसला.

मला ॲरिस्टॉटलचा जुना प्रश्न आठवला. 'उद्या समुद्रात लढाई होईल' हे विधान आजच खरं असेल, तर आज खलबतं कशाला करायची? कादंबरी वाचलेला प्रत्येक खेळाडू टेबलावर पॉलच होऊन बसतो. पॉलला आपल्या नावाने होणारा रक्तपात आधीच दिसतो आणि तो टळत नाही. कादंबरीत ही शोकांतिका आहे. खेळात तेच लादलं, तर फासे म्हणजे नुसता उपचार.

म्हणून मोडिफियसने २०२१ साली काढलेल्या 'ड्यून'च्या खेळातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. तिथे खेळाडूंनी आधी स्वतःचं घराणं उभं करायचं असतं. ग्रह तोच, स्पाइस तोच. पण या घराण्याचं काय होणार ते कुठेच लिहिलेलं नाही. दुसरी गंमत फाशांची. वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे, पण लक्ष्याचा आकडा नुसत्या कौशल्यावर ठरत नाही. त्यात कर्तव्य, श्रद्धा, न्याय, सत्ता, सत्य यांपैकी एका प्रेरणेचा आकडा मिळवायचा. म्हणजे तलवार कशी चालवता याबरोबर कशासाठी चालवता हेही मोजलं जातं. नीतिशास्त्राच्या वर्गात हे समजावताना माझा घसा सुकायचा, बरं का!

अशी फट खुद्द हर्बर्टनेही ठेवली आहे. कादंबरीच्या शेवटी काउंट फेनरिंग पॉलसमोर उभा राहतो, आणि पॉलच्या लक्षात येतं की हा माणूस आपल्याला भविष्यात कधी दिसलाच नव्हता. आपलं घराणं या फेनरिंगसारखं असावं.

पण कुणाला भविष्य दिसणारंच पात्र हवं असेल तर? आम्ही घरच्या घरी एक नियम केलाय. त्या खेळाडूने सुरुवातीला तीन दृश्यं चिठ्ठीवर लिहायची. गेममास्टरने त्यातलं एक खरं करायचं, कोणतं ते सांगायचं नाही. परवा माझ्या चिठ्ठीतलं तिसरं दृश्य खरं झालं. मी ते केवळ जागा भरायला लिहिलं होतं.