पाणी आहे, पोहणारी नाही

हेलसिंकी येथे 1952 साली भरलेल्या ऑलिम्पिकचे नाव निघाले की मराठी माणसाला खाशाबा जाधव आठवतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच भारतीय पथकात चार महिला होत्या, ही गोष्ट सहसा कोणाच्या स्मरणात नसते. नीलिमा घोष व मेरी डिसूझा धावण्यासाठी गेल्या होत्या. डॉली नाझीर व आरती साहा पोहण्यासाठी. स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या या पहिल्या स्त्रिया. त्यांपैकी डॉली मुंबईची, तर कलकत्त्याची आरती अवघी 11 वर्षांची होती.

आरतीची कारकीर्द एका असामान्य मुलीच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. परंतु एवढ्यावर थांबले तर त्या कथेचा अर्धाच अर्थ हाती लागतो. सामान्य स्थितीतील कुटुंबात 1940 साली जन्मलेली ही मुलगी लहानपणीच आईला अंतरली. ती घाटावर पोहायला शिकली आणि चार-पाच वर्षांची असतानाच हाटखोला स्विमिंग क्लबात दाखल झाली. 1951 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या सचिन नाग यांची पारखी नजर तिच्यावर पडली. 1948 साली मुंबईत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने पदके मिळविली. पुढे 1951 साली 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे अंतर 1 मिनिट 37.6 सेकंदांत कापून तिने विक्रम मोडला, तो डॉली नाझीर यांचाच! मुंबईच्या मुलीने विक्रम करावा आणि कलकत्त्याच्या मुलीने तो मोडावा, ही चुरस शक्य झाली, कारण दोन्ही शहरांत मुलींना उतरता येईल असे पाणी, क्लब, शिक्षक आणि स्पर्धा उपलब्ध होत्या.

इंग्लिश खाडीच्या मोहिमेतही हेच दिसते. 27 ऑगस्ट 1959 च्या पहिल्या प्रयत्नात मार्गदर्शक नौका उशिरा आली, अनुकूल प्रवाहाची वेळ टळली आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना आरती साहा यांना माघार घ्यावी लागली. 29 सप्टेंबरला त्या पुन्हा उतरल्या व 16 तास 20 मिनिटांत खाडी पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. 1960 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या मोहिमेचा खर्च त्यांच्या घरच्यांना पेलणारा नव्हता. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यासह अनेकांनी हातभार लावला, म्हणूनच तो प्रवास घडला. गुणवत्ता व्यक्तीची असते. संधीचा पुरवठा मात्र समाजाला करावा लागतो.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर हा पुरवठा किती विषम आहे, हे ध्यानात येते. 1987 साली इंग्लिश खाडी पोहणाऱ्या अनिता सूद मुंबईच्या. 1994 साली बाराव्या वर्षी तोच पराक्रम करणारी रूपाली रेपाळेही मुंबईचीच. समुद्र आणि तरण तलाव दोन्ही जवळ असलेल्या शहरात हे घडले, यात नवल नाही.

आता बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावाकडे पाहावे. हा मुलूख दुष्काळी म्हणून ओळखला जातो. तथापि सिंदफणेवरील माजलगावचे धरण येथून फार दूर नाही. गावात सहकारी साखर कारखाना आहे, विहिरी आहेत, अलीकडे शेततळीही झाली आहेत. पाणी अपुरे असेल, पण अपरिचित नाही. या भागातील मुलगे पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत आले आहेत. मुलींचा पाण्याशी संबंध मात्र बहुधा घागर आणि धुणे यांपुरताच. पाण्याच्या काठाशी अधिक वेळ जिचा जातो, तिलाच पोहणे शिकविले जात नाही! मग धुणे धुताना पाय घसरलेली मुलगी आणि तिला वाचवायला धावलेली तिची आई अशा दोघीही बुडाल्याची बातमी येते. आपण तिला दुर्दैव म्हणतो. वस्तुतः तो शिक्षणाचा अभाव असतो.

यावर ऑलिम्पिक मापाचा तलाव हे उत्तर नव्हे. आणि शेततळे तर मुळीच नव्हे. त्याच्या निसरड्या प्लॅस्टिकवरून चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पायऱ्यांची एखादी विहीर दुरुस्त करावी, कठडा व दोर बसवावा, पोहण्यात तरबेज अशी शिक्षिका नेमावी आणि दिवसातील एक तास केवळ मुलींसाठी राखून ठेवावा. शाळा, ग्रामपंचायत आणि साखर कारखाना यांनी खर्च वाटून घेतला तर तो कोणालाच जड जाणार नाही. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर हंगामभर परमुलखात जाणाऱ्या मुलींना या वर्गात आधी जागा मिळावी. कारण अनोळखी पाण्याशी गाठ त्यांचीच पडते.

खाशाबांच्या मागे तालीम होती आणि वर्गणी देणारा गावही होता. मुलींसाठी पाण्यातली तालीम मराठवाड्याने अद्याप उभी केलेली नाही. ती उभी राहिली तर तेथून एखादी आरती साहा निघेल की नाही, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण काठावरून पाय घसरलेली मुलगी स्वतःच्या बळावर परत काठाला लागेल, आणि त्या वर्गाचे सार्थक होण्यास तेवढे पुरेसे आहे.