दुदांडी शिवराई कोणाची?

मालवण-वेंगुर्ल्याकडील एखाद्या जुन्या घरात तांब्याचे जाड, ओबडधोबड नाणे सापडले आणि त्यावर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे लागली, की सिंधुदुर्ग बांधणाऱ्या महाराजांनीच ते पाडले असे सहज मानले जाते. या समजामागील भक्तिभाव आदरणीयच आहे. परंतु ‘शिवराई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा उपलब्ध नाण्यांपैकी बहुसंख्य महाराजांच्या निर्वाणानंतरची आहेत. विशेषतः अक्षरांच्या जोडीला दोन समांतर आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही पेशवाईतील व तदनंतरची होय.

ही नाणी सारी सरकारी टाकसाळींतच पडत असेही नाही. पेशवाईत व्यवहारास लागणारे खुर्दा (सुटे) नाणे सर्वत्र पुरविणे सरकारी टाकसाळींच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे, ठराविक रक्कम भरून घेऊन आणि नाण्याचे वजन नेमून देऊन, खासगी इसमांस टाकसाळीची सनद (लेखी परवाना) देण्यात येई; १७४४ साली नागोठण्यास असा परवाना दिल्याची नोंद न्यायमूर्ती रानड्यांनी दप्तरातून उजेडात आणली. शिधावाटप दुकानाचा चालक खासगी असतो, पण माल व भाव सरकारी, तसाच हा प्रकार.

व्यापाऱ्याने स्वतःच्या नावाने काढलेले टोकन (बदलून देण्याचे वचन असलेला धातूचा तुकडा) याहून सर्वस्वी निराळे. सुट्या नाण्यांच्या टंचाईत वेल्समधील पॅरिस खाण कंपनीने १७८७ साली तशी तांब्याची टोकने काढली होती. हिंदुस्थानात १८८९ च्या कायद्याने अशा खासगी टोकनांस मनाई झाली.

घरी शिवराई असल्यास ती चिंचेने घासू नये. रेघा व अक्षरे झिजली, की काळ ठरविण्याचे साधनच नष्ट होते.